गादी आणि आसन

व्यापारी कुटुंबाचा दिवस दुकानाचे कुलूप उघडल्यापासून रात्री हिशेब मिळेपर्यंत बहुतांशी बसूनच जातो. पूर्वी गादी आणि लोड होते, आता खुर्ची आणि संगणक आले. बैठक मात्र तीच राहिली. आहार शाकाहारी, घरात व्यसन नाही, तरीही मधुमेह, उच्च रक्तदाब आणि हृदयविकार यांनी आपल्या घरांत ठाण मांडले आहे. ‘आपण अभक्ष्य खात नाही, मग आपल्याला काय होणार?’ हा समज आता सोडावयास हवा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार १० कोटींहून अधिक भारतीयांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत.

नुसते बसून राहण्याने असे काय बिघडते? चालताना, वाकताना स्नायू आकुंचन पावतात आणि रक्तातील साखर इंधन म्हणून ओढून घेतात. तासन्‌तास ते निश्चल राहिले की साखर रक्तातच रेंगाळते. त्यात उधारीची चिंता, हंगामाची धावपळ, कराच्या तारखा. मन सतत ताणलेले असले की नाडी जलद आणि रक्तदाब चढा राहतो. आसने पहिल्या दोषावर, तर संथ श्वसन व ध्यान दुसऱ्या दोषावर काम करतात. नियमित योगाभ्यासाने रक्तदाब, साखर आणि वजन यांत माफक घट होते, असे अनेक अभ्यासांतून दिसले आहे.

यातील ‘माफक’ हा शब्द विसरू नये. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या सुमारे ४,००० रुग्णांवर भारतातील २४ केंद्रांत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. योगवर्गातील रुग्णांना आपली प्रकृती अधिक बरी वाटली, ते पूर्वीच्या कामकाजाकडे अधिक चांगल्या रीतीने परतले; परंतु पुन्हा झटका येणे किंवा मृत्यू यांत निर्णायक फरक सिद्ध झाला नाही. योग हा औषधाचा सोबती आहे, पर्याय नव्हे. वैद्यांना न विचारता गोळी बंद करणे हा योग नाही, तो जिवाशी खेळ आहे.

आपल्याला ही वाट परकी नाही. आचार्य हेमचंद्रसूरींनी बाराव्या शतकात रचलेल्या ‘योगशास्त्रा’त ज्ञान, दर्शन व चारित्र या रत्नत्रयालाच योग म्हटले आहे आणि पर्यंकासन, वीरासन, गोदोहिका, कायोत्सर्ग अशी आसनेही सांगितली आहेत. भगवान महावीरांना केवलज्ञान झाले ते गोदोहिका आसनात, असे परंपरा सांगते. कुंभोजच्या बाहुबलींची मूर्तीही कायोत्सर्गात उभी आहे. बाह्य तपांत ऊनोदरी आणि कायक्लेश यांची गणना आहे. हे सारे कर्मनिर्जरेसाठी आहे, साखर उतरविण्यासाठी नव्हे, याचे भान अवश्य ठेवावे. परंतु ज्या देहाने सामायिक, वंदना आणि विहारसेवा करावयाची, तो देह सांभाळणे हेही श्रावकाचे कर्तव्यच आहे.

आपल्या घरांची खरी शक्ती नियमात आहे. रात्रिभोजनत्यागाचा नियम घेतला की तो लग्नाच्या पंगतीतही मोडत नाही. योगाभ्यासाला नेमके हेच बळ मिळत नाही. २१ जूनला सतरंजी अंथरली जाते आणि आठवड्यात गुंडाळून ठेवली जाते. म्हणून संकल्प मोठा नसावा, अखंड असावा. सामायिकाची ४८ मिनिटे आहेत तशीच राहू द्यावीत. त्यांच्या आधी २० मिनिटे ताडासन, कटिचक्रासन, भुजंगासन अशी सोपी आसने आणि ५ मिनिटे संथ श्वसन करावे. दुकानात तासातून एकदा उठून चार पावले चालावे. सूर्यास्तापूर्वीच्या जेवणानंतर लगेच गादीवर न टेकता थोडे फिरून यावे. आसने जाणत्या शिक्षकाकडूनच शिकावीत. उच्च रक्तदाब किंवा काचबिंदू असणाऱ्यांनी शीर्षासनासारखी आसने आणि श्वास रोखून धरणे टाळावे. गुडघे दुखत असल्यास गोदोहिकेचा हट्ट नको.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगावीशी वाटते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपवास वा आयंबिल करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून मात्रा ठरवून घ्यावी. रिकाम्या पोटी साखर एकाएकी उतरून भोवळ येते, प्रसंगी शुद्धही हरपते. तपाची अनुमोदना करणाऱ्या घरच्यांनीही ही विचारपूस आधी करावी. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने रक्तातील साखर व रक्तदाब तपासून घ्यावा. दिवाळीत वहीपूजन होते, त्याच सुमारास ही तपासणी दरवर्षी करण्याचा प्रघात घराघरांत पाडता येईल. उंबरठ्यावरचा मधुमेह वेळीच कळला, तर आहार, चालणे आणि योग यांच्या बळावर त्याला पुष्कळदा तेथूनच परतवता येते.

जय जिनेंद्र.