सव्वा तासाचं पॅरिस

मंडळी, इंटरनेटवर लंडन ते पॅरिस असं टाकून बघा. क्षणात दोन आकडे हजर होतात. अंतर सुमारे ३४४ किलोमीटर, विमानाने सव्वा तास. आकडे बरोबर आहेत. माझं भांडण आहे ते त्यांना 'प्रवास' म्हणण्याशी.

तीस वर्षं भूगोल शिकवला, म्हणून सांगते. ३४४ किलोमीटर म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोन शहरांमध्ये ताणून धरलेला दोरा. त्या दोऱ्याच्या टोकाला विमान उभं नसतं. हीथ्रो विमानतळ लंडनच्या मध्यापासून २३ किलोमीटर पश्चिमेला, आणि पॅरिस आहे आग्नेयेला! म्हणजे आधी उलट्या दिशेला जायचं. तिकडे शार्ल द गोल विमानतळ शहरापासून साधारण २५ किलोमीटर ईशान्येला. सव्वा तासात यातलं काहीच नाही. दोन तास आधी पोचणं नाही, तपासणी नाही, सामानाच्या पट्ट्यापाशी ताटकळणं नाही. माझ्या हिशेबाने दारापासून दारापर्यंत पाच तास सहज जातात.

त्यात घड्याळाची गंमत वेगळीच. पॅरिस लंडनच्या एक तास पुढे. दहाला निघालात तर सव्वाबाराला उतराल, आणि येताना दहाला निघून सव्वादहाला :) वर्गात हे गणित घातलं की हमखास निम्मी मुलं चुकायची.

आता आगगाडी. १९९४ साली खाडीखालचा बोगदा सुरू झाला, ५० किलोमीटरचा. सेंट पँक्रास ते गार द्यू नोर हा लोहमार्ग ४९२ किलोमीटर, म्हणजे विमानाच्या वाटेपेक्षा जवळजवळ दीडशेने लांब. तरी गाडी सव्वादोन-अडीच तासांत थेट शहरात नेऊन सोडते. तिथेही तासभर आधी जावं लागतं, फ्रेंच पोलीस लंडनच्या स्टेशनातच पासपोर्ट बघतात, रांगा असतात. तो वेळही धरायचा, नाहीतर मीही तीच लबाडी केली असं होईल. सगळं धरून चार तास. तिकीट स्वस्त असतं असं मात्र मी म्हणणार नाही.

एवढं चिडायला झालं काय? माझी धाकटी जाऊ सत्तरीची, गुडघे दुखरे. गेल्या वर्षी एका सहल कंपनीबरोबर गेली. कार्यक्रमपत्रिकेत छापलेलं: सकाळी लंडन, सव्वा तासाचा विमानप्रवास, दुपारी आयफेल टॉवर. बिचारी पहाटे चारला उठली आणि टॉवरखाली पोचली तेव्हा तिला वर बघायचंही त्राण नव्हतं. आमचे भाचेबुवा तरी म्हणतात, "मावशी, विमान म्हणजे विमान!" अरे बाबा, सव्वा तासात ३४४ किलोमीटर, म्हणजे ताशी २७५ झाले. ही गाडी ३००ने धावते. विमान हवेत वेगवान असतं, पण त्या सव्वा तासात जमिनीवर सरपटणंही आलं.

फ्रेंचांना हे थोडंफार कळलं. २०२१ साली त्यांनी कायदा केला, २०२३ साली तो लागू झाला. जिथे रेल्वेने अडीच तासांच्या आत जाता येतं, तिथली देशांतर्गत विमानं बंद. पण व्यवहारात ऑर्ली विमानतळावरून लियाँ, नांत आणि बोर्दो, एवढेच तीन मार्ग त्यात सापडले. पुढचं विमान पकडायला जाणाऱ्यांना मोकळीक ठेवली आहेच. पॅरिस-लियाँ आगगाडी दोन तासांत जाते, आणि तरी शार्ल द गोलहून लियाँला विमान उडतंच.