यंत्र कोणाच्या हातात?



संगणकाने नोकऱ्या खाल्ल्या, मोबाइलने पोरे बिघडवली, अशी तक्रार आपल्या वस्त्यांत घरोघरी ऐकू येते. ती अगदीच खोटी नाही. कचेरीत जिथे चार कारकून खातेवह्या लिहीत, तिथे आज एकटा माणूस संगणकावर काम उरकतो. मोठ्या कारखान्यांत वेल्डिंगचे आणि रंगाचे काम यंत्रमानव करू लागले. ज्याच्याजवळ विकायला फक्त अंगमेहनत आहे, त्याची किंमत घटली. पण म्हणून यंत्राला शिव्या देत बसायचे काय?

परमपूज्य बाबासाहेबांनी याचे उत्तर १९४५ सालीच देऊन ठेवले आहे. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले, याची झडती घेणाऱ्या आपल्या ग्रंथात ते यंत्राच्या बाजूने उभे राहिले. दोष यंत्राचा नाही, त्याचा लाभ मूठभरांच्या पदरात टाकणाऱ्या समाजरचनेचा आहे, असे त्यांनी मांडले. दिवसभर गुरासारखे राबणाऱ्याला फुरसत नाही आणि फुरसतीवाचून माणसाला विद्या व संस्कृती नाही. ती फुरसत यंत्रच देऊ शकते. मजूरमंत्री या नात्याने १९४६ साली त्यांनी कारखाना कायद्यात दुरुस्ती मांडली आणि बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. 

म्हणून प्रश्न यंत्र हवे की नको हा नाही. ते आपल्याला कळते की नाही, हा आहे.

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथे आपले हजारो भाऊ-बहिणी ठेकेदाराकडे राबतात. पगारातून साधारण १२ टक्के प्रॉव्हिडंट फंड कापला जातो. तेवढाच वाटा मालकाने घालायचा आणि दोन्ही रकमा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायच्या, असा नियम आहे. त्या खरेच भरल्या की नाही, हे पूर्वी कामगाराला सहज कळत नव्हते. २०१४ पासून प्रत्येक खातेदाराला १२ आकडी यूएएन क्रमांक मिळतो. त्यावरून उमंग ॲपवर पासबुक उघडते आणि महिन्यामहिन्याचा भरणा दिसतो. पण आपण काय करतो? मोबाइल दुकानदाराच्या हाती देतो, वर ओटीपीही सांगतो. आपल्या घामाच्या पैशाची किल्ली परक्याच्या हाती!

दुसरीकडे, त्याच घरातल्या मुलाने एमएससीआयटीचे प्रमाणपत्र चौकटीत लावून ठेवलेले असते. शाळेत संगणक शिकला, घरी बापाचे पासबुक उघडता येत नाही, तर त्या शिक्षणाचा उपयोग काय? २०२० साली टाळेबंदीत शाळा मोबाइलवर आली, तेव्हा घरात फोन एक आणि शिकणारी लेकरे तीन, ही आपली स्थिती उघडी पडली. त्यातही फोन आधी मुलाला, उरला वेळ तर मुलीला. सावित्रीमाईंचे नाव घेणाऱ्या घरांना हे शोभत नाही. बालभारतीची पुस्तके मोबाइलवर फुकट मिळतात. पुस्तकावरच्या चौकोनी खुणेवर कॅमेरा धरला की दीक्षा ॲपवर धडा समजावणारे चित्रफितीचे साहित्य उघडते. मात्र शिक्षकाची जागा मोबाइल घेऊ शकत नाही. न समजलेले पुन्हा विचारायला समोर माणूसच लागतो.

तेव्हा एक करा. रविवारी वंदनेनंतर विहारात तासभर थांबा. शिकलेल्या मुलामुलींनी प्रत्येक कामगाराचे पासबुक त्याच्याच हाताने उघडून घ्यावे. ओटीपी कोणाला सांगू नये, हे आयाबहिणींना शिकवावे. भरणा चुकला असेल तर एकट्याने भांडू नका. सगळ्यांच्या नोंदी घेऊन भविष्यनिर्वाह निधीच्या कार्यालयात लेखी तक्रार करा.

१९५० साली बाबासाहेबांनी याच शहरात मिलिंद महाविद्यालय काढले, तेव्हा मराठवाड्यातली आपली मुले अक्षराला भुकेली होती. आज पाटीच्या जागी पडदा आला. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हा मंत्र मात्र तोच आहे.