‘नॉमिनेट’ बाटलेला नाही

‘बिग बॉस’ या टीव्ही कार्यक्रमाने ‘नॉमिनेट’ या शब्दाची वाट लावली, ही एका पत्रलेखकाची तक्रार मला पटत नाही. त्या कार्यक्रमातल्या घरात स्पर्धक एकमेकांना नॉमिनेट करतात ते बाहेर घालवण्यासाठी, हे खरे. पण या क्रियापदाचे लॅटिन मूळ पाहिले तर अर्थ निघतो नाव घेणे, एवढाच. मानासाठी की हकालपट्टीसाठी, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. आपल्या राज्यघटनेनुसारही राष्ट्रपती राज्यसभेवर १२ सदस्य नॉमिनेट करतात, ती उमेदवारी नव्हे, थेट नेमणूकच. मतदानाचा प्रश्नच येत नाही!

‘नॉमिनेशन’चा, म्हणजे नामांकनाचा, खरा घोळ ऑस्करच्या बातम्यांत होतो. ‘श्वास’ (२००४), ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९), ‘कोर्ट’ (२०१५) हे चित्रपट म्हणजे भारताने पाठवलेल्या अधिकृत प्रवेशिका होत्या. नामांकन म्हणजे अकादमीने निवडलेल्या अंतिम पाचांत येणे, आणि या तिघांपैकी एकही तिथवर पोचला नाही. ‘लगान’ पोचला होता. तरी दरवर्षी प्रवेशिका रवाना झाली की ‘ऑस्करसाठी नामांकन’ असा मथळा कुठे ना कुठे झळकतोच. पत्रलेखकाने लेखणी उगारायचीच तर आधी या मथळ्यांवर उगारावी.

– एक वाचक, पुणे