मूकपटाला साथ गावच्या भजनी मंडळाची हवी



जतन केलेले मूकपट प्रत्यक्ष वादनाच्या साथीने दाखवण्याचे कार्यक्रम आपल्याकडे बहुधा महानगरांतच होतात. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने दुरुस्त केलेला ‘शिराज’ (१९२८) २०१७ साली अनुष्का शंकर यांच्या संगीतासह हैदराबाद, कोलकाता, दिल्ली आणि मुंबईत दाखवला गेला. उत्तमच झाले. पण दादासाहेब फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ (१९१९) तसा दाखवायचा, तर तो शहापूर-मुरबाडच्या गावांत यावा आणि साथीला इथलीच भजनी मंडळे बसावीत, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. कसाऱ्याचा घाट चढून गेले की नाशिक. फाळक्यांच्या हिंदुस्थान फिल्म कंपनीने हा चित्रपट तिथेच काढला.

त्या काळी पडद्याजवळ पेटी-तबलेवाले बसत आणि प्रसंग पाहून वाजवत. भजनी मंडळ वेगळे काय करते? बुवांनी चाल बदलली की पखवाजी लय उचलतो, टाळकरी मागोमाग येतात. कालियाची कथा तर गौळणी-अभंगांतून त्यांना तोंडपाठ. चित्रपटाच्या आरंभी फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर चेहऱ्यावरचे भाव एकामागून एक पालटत जाते आणि मग तीच कृष्ण होते. तिथे पेटीचा एकच सूर पुरेल. पुढे पाण्याखाली नागाशी झटापट सुरू झाली की पखवाज चढत जावा. हे नेमके कुठे करायचे, ते वादकांनी चित्रपट दोन-चारदा आधी पाहून ठरवले पाहिजे. ऐनवेळी बसवून भागणार नाही.

दुर्मीळ फिल्म खेड्यात कशी न्यायची, असे कोणी विचारील. मूळ फिल्म हलवायचीच नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने डिजिटल प्रत द्यावी. प्रेक्षक कंटाळतील म्हणावे, तर जेवढा भाग आज उरला आहे तो फार लांबलचक नाही, आणि पडद्यावरच्या पाट्या कोणी मराठीत मोठ्याने सांगत गेले तर आजीबाईंनाही अडचण पडणार नाही. खरा आक्षेप वेगळाच आहे. इतक्या कष्टाने जुने रूप सांभाळलेल्या चित्राला आजचे वादन जोडले, तर ते भेसळ नव्हे का? चित्राच्या चौकटीला हात लावला, तर नक्कीच भेसळ. पण साथ तेव्हाही गावोगावी, वादकागणिक बदलत होती. एकच ध्वनिमुद्रण कायमचे चिकटवून टाकणे हे मला त्या रीतीला अधिक सोडून वाटते. एक धोका मात्र मी मानतो: भक्तीच्या भरात टाळांचा गजर चित्रावर स्वार होऊ शकतो. त्यासाठीच तालमी हव्यात.

भातझोडणी आटोपली की आटगावच्या एखाद्या पटांगणात हा प्रयोग करता येईल. ग्रामपंचायतीने जागा आणि वीज द्यावी. चित्रपट त्याच्या मूळ संथ गतीनेच चालवावा. घाईने चालवला तर माणसे बाहुल्यांसारखी धावतात आणि लोक नको तिथे हसतात. आणि भजनी मंडळाला नारळ-शाल देऊन वाटेला लावू नये. शहरातल्या वादकांना जे मानधन मिळते, तेच त्यांनाही मिळावे.

— एक वाचक, आटगाव (ता. शहापूर, जि. ठाणे)