शब्दांचीं कुळें : ‘एस्पान्योल’

मनुष्य आपलें नांव आपण ठेवीत नाहीं. तें आत्या ठेविते. राष्ट्रांचीही गत बहुधा अशीच असते. स्पेनचा रहिवासी स्वतःस ‘एस्पान्योल’ म्हणवितो. परंतु हा शब्द त्याच्या घरचा नव्हे.

रोमन लोक त्या देशास ‘हिस्पानिया’ म्हणत. त्यापासून ‘हिस्पानिओलुस’ असें रूप विद्वान् कल्पितात. आतां नियम असा, कीं लॅटिनमधील आघातयुक्त ऱ्हस्व ‘ओ’ कॅस्टिलच्या भाषेंत ‘उए’ होतो. आमच्या ‘नव’ शब्दाचा लॅटिन भाऊ ‘नोवुस’. त्याचें तेथें ‘नुएवो’ झालें. या न्यायानें ‘एस्पान्युएलो’ व्हावयास हवें होतें. तें झालें नाहीं. मात्र पिरिनीज पर्वतापलीकडे, दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हेन्साल भाषेंत, असा ‘ओल’ कायम राहतो. तेव्हां शब्द तिकडूनच आला, असें पॉल एबिशर या स्विस पंडितानें १९४८ सालीं प्रतिपादिलें.

कारणही उघड आहे. मध्ययुगांत तेथील लोक स्वतःस कॅस्टिलचे, लेओनचे, आरागोनचे किंवा नुसते ख्रिस्ती म्हणवीत. सर्वांस मिळून एक नांव लागे तें शेजाऱ्यांस. आणि सान्तिआगोच्या यात्रेच्या वाटेनें फ्रान्समधील यात्रेकरू व व्यापारी सतत येत असत. ‘एस्पान्योन’ हें देशी रूप तेराव्या शतकांतील फेर्नान गोन्सालेसच्या काव्यांत आढळतें. पण तें टिकलें नाहीं.

या शब्दाचे आप्त दूरवर पसरले आहेत. १४९२ सालीं कोलंबसानें एका बेटास ‘ला एस्पान्योला’ म्हटलें. आज त्यावर हैती व डोमिनिकन प्रजासत्ताक हे दोन देश आहेत. लांब कानांच्या ‘स्पॅनियल’ कुत्र्याचें नांवही जुन्या फ्रेंचमधून इंग्रजींत गेलें. अर्थ एवढाच, कीं ‘स्पेनचा’.

स्वतःचें नांवही उसनें, म्हणून कोणी हंसेल, तर त्यानें आपल्या घरांत पाहावें. ‘सिंधु’ शब्दांतील ‘स’चा ‘ह’ करून इराण्यांनीं ‘हिंदु’ म्हटलें. ग्रीकांनीं तो ‘ह’ही गाळला, आणि त्यांतूनच ‘इंडिया’ निघालें. १९५० सालीं अमलांत आलेल्या आमच्या संविधानाच्या पहिल्याच कलमांत हें नांव ‘भारत’ शब्दाशेजारीं बसलें आहे. परक्या मुखांतून आला एवढ्यावरून जे शब्दांस घराबाहेर काढूं पाहतात, त्यांनीं हा विचार अवश्य करावा. शब्दाचें गोत्र जाणावें, त्यांत ज्ञान आहे; पण ज्या घरानें त्यास पिढ्यान्‌पिढ्या वागविलें, त्या घराचा तो झाला, असेंच आम्ही मानतों.