शाळेचे वृत्तपत्र आणि कात्री

अमेरिकेतील काही सरकारी माध्यमिक शाळांत कॉलेजच्या तयारीबरोबर वृत्तपत्रविद्याही शिकवितात, हे वाचून मला कौतुक वाटले. पण छापण्याचा अधिकार कोणाचा? १९८३ मध्ये मिसुरीतील हेझलवुड ईस्ट शाळेच्या मुख्याध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या अंकातून दोन पाने गाळली. विषय होते कुमारवयातील गर्भारपण आणि घटस्फोट. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मतांनी ते ग्राह्य धरले. कॅन्सस राज्याने मात्र १९९२ मध्ये विद्यार्थी-पत्रांना कायद्याचे संरक्षण दिले. त्याच राज्यातील पिट्सबर्गच्या विद्यार्थ्यांनी २०१७ साली नियोजित मुख्याध्यापिकांच्या पदव्यांविषयी शंका छापल्या. बाईंनी राजीनामा दिला. बातमी लिहिणे वर्गात शिकविता येते. ती छापण्याची जबाबदारी मोकळीक मिळाल्यावाचून अंगी बाणत नाही, असे मला वाटते.