पुण्य नको, वाटा उचला!

‘सून मला जेवायला घालत नाही.’ अर्ध्या तासापूर्वी वरणभात जेवून उठलेली सासू शेजारणीला असे सांगते आणि शेजारीण ते खरे मानते. मग ‘माझ्या पाटल्या हिनेच चोरल्या.’ पाटल्या पुढे उशीच्या अभ्र्यात सापडतात, पण तोवर आळ गावभर झालेला असतो. याला डिमेन्शिया म्हणतात. मेंदू जेवण विसरतो, वस्तू कुठे ठेवली ते विसरतो आणि त्या रिकाम्या जागी चोर उभा करतो. अलॉइस अल्झायमरने १९०६ साली ज्या स्त्रीचा आजार जगापुढे मांडला, तिचीही सुरुवात नवऱ्यावरच्या संशयाने झाली होती. त्याला शतक उलटून गेले. आम्ही अजून ‘म्हातारचळ’ म्हणून हात झटकतो आणि संशय तेवढा सुनेवर ठेवतो. आजाराचे लक्षण पुरावा मानून निर्दोष बाईला आरोपी करणारा समाज स्वतःला कुटुंबवत्सल म्हणवतो, याची आम्हाला लाज वाटते.

हे दोन-चार घरांचे दुखणे नव्हे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार साठी ओलांडलेल्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना हा आजार आहे. पुरुषांपेक्षा बायकांत अधिक, शहरांपेक्षा खेड्यांत अधिक. जिथे निदान करणारा डॉक्टर मिळत नाही, तिथेच रुग्णांचे प्रमाण मोठे आहे.

या प्रत्येक रुग्णाच्या उशाशी कोणीतरी जागे असते. दिवस कलला की रुग्ण अस्वस्थ होतो. ज्या घरात आयुष्य गेले त्याच घरात ‘मला घरी सोडा’ म्हणत कडी काढू लागतो. म्हणून दाराला आतून कुलूप, रात्री गॅस बंद, औषधे वर कपाटात. अंघोळ घालणाऱ्या हाताला तो चावतो. भिजलेली गादी पहाटे उचलायची, सकाळी डबे भरायचे, आणि ज्याच्यासाठी हे सारे करायचे त्याने ‘बाई, तुम्ही कोण?’ म्हणून विचारायचे. सत्तरीची बायको नवऱ्याला खुर्चीवरून उठवताना स्वतः पडते. लग्न न केलेली मुलगी ‘तुला काय, तू मोकळीच आहेस’ या एका वाक्यावर नोकरी सोडते. सांभाळणारे ओरडतात, कधी हातही उचलतात आणि मग मोरीत जाऊन रडतात. हात उचलणे चूकच. पण वर्षानुवर्षे एका माणसाला एकही सुट्टी न देता पहाऱ्यावर बसवणारे नातेवाईक त्या चुकीत भागीदार आहेत, हे आम्ही बजावून सांगतो.

कुठे असतात हे नातेवाईक? गणपतीला दोन तास येतात. पाहुण्यांसमोर रुग्ण बहुधा नीटनेटका बोलतो, हेही या आजाराचे ठाऊक असलेले रूप; त्यावरून ‘आई तर छान आहे, वहिनीच वाढवून सांगते’ असा निकाल देऊन निघून जातात. ‘मी आईची सेवा करतो’ म्हणणाऱ्या चिरंजीवांनी सांगावे, तिचे डायपर शेवटचे कधी बदललेत? परदेशातून पैसे पाठवणाऱ्यांनी सांगावे, त्या पैशाने बहिणीला एका रात्रीची झोप मिळाली का? ‘फार पुण्य लागतं बघ’ म्हणून तिची पाठ थोपटणे हा स्वतःचा वाटा चुकवण्याचा सर्वांत जुना आणि सर्वांत स्वस्त मार्ग आहे. आणि थकून तिने दिवसाच्या देखभाल केंद्राची चौकशी केली, की हेच लोक ‘आईला टाकली’ म्हणून बोंब मारतात!

सरकारचे वागणे या नातेवाइकांसारखेच आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात आईवडिलांना वाऱ्यावर सोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद आहे. ती हवीच. पण जी सोडत नाही, तिच्यासाठी त्या कायद्यात एक ओळ नाही. त्याच्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातवंडे आहेत, सून नाही. घरात मात्र सगळे तिच्याच माथी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जास्त आधार लागणाऱ्यांसाठी देखभाल भत्त्याची तरतूद आहे, पण त्याच्या २१ दिव्यांगत्वांच्या यादीत पार्किन्सनचे नाव आहे, डिमेन्शियाचे नाही. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान योजनेत पाच लाखांचे संरक्षण मिळाले, तेही रुग्णालयात दाखल झाल्यावर. या रुग्णाला खाट नको असते, रात्री दोन वाजता शेजारी माणूस हवे असते. महाराष्ट्र सरकारने आपल्या महिला कर्मचाऱ्यांना बालसंगोपनासाठी १८० दिवसांची रजा दिली, योग्यच केले. मग आईबापांच्या शुश्रूषेसाठी तशीच रजा का नाही, आणि ती पुरुषांनाही का नाही?

उपाय माहीत नाही, ही सबब चालणार नाही. शेजारच्या गोव्यात ८१ कुटुंबांसोबत एक प्रयोग झाला आणि २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरोघर गेले ते तज्ज्ञ डॉक्टर नव्हते. स्थानिक भाषा बोलणाऱ्या साध्या माणसांना आठवडाभर शिकवले, मागे मानसोपचारतज्ज्ञाची देखरेख ठेवली. त्यांनी आजार समजावला, चिडलेल्या रुग्णाला कसे हाताळावे ते दाखवले, सांभाळणारीचे ऐकून घेतले. सहा महिन्यांत सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण मोजता येईल इतका उतरला. यंत्रे लागली नाहीत, इमारती लागल्या नाहीत. केरळने अंथरुणाला खिळलेल्यांची देखभाल करणाऱ्यांना महिना ६०० रुपये देऊ केले. रक्कम तुटपुंजी आहे, पण घरातले काम हे काम आहे, असे एका सरकारने कागदावर तरी मानले.

महाराष्ट्राने येत्या अर्थसंकल्पात हे मानावे. प्रत्येक तालुक्याला दिवसाच्या देखभालीचे एक केंद्र, जिल्हा रुग्णालयात ठरलेल्या वारी स्मृती तपासणी, आणि गोव्यासारखे घरोघर जाणारे प्रशिक्षित मदतनीस द्यावेत, त्यांना पुरेसे वेतन देऊन. आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक फुकटचे ओझे टाकून नव्हे. दिव्यांगत्वाच्या यादीत डिमेन्शियाचे नाव यावे म्हणून विधानसभेने ठराव करून दिल्लीला धाडावा. ब्युरोमार्फत घरोघर पाठवल्या जाणाऱ्या मावशींच्या प्रशिक्षणाचे आणि पगाराचे नियम करावेत. त्याही कोणाच्या तरी लेकीसुना आहेत.

घरांनी मात्र अर्थसंकल्पाची वाट पाहू नये. भावंडांनी या रविवारी एकत्र बसावे, आणि जी रोज सांभाळते तिच्या आधी कोणी तोंड उघडू नये. पैसे कोण देणार, रात्री कोण जागणार, कोणता महिना कोणाचा, हे वहीत लिहून खाली सह्या कराव्यात. पहिला महिना थोरल्या मुलाचा.